एकात्मिक अभ्यासक्रम : विषय जोडले, की नुसते एकत्र बांधले?



शिक्षणशास्त्रातल्या पीएच.डी.च्या आराखड्यांमध्ये एक शीर्षक हमखास भेटतं. 'प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या संपादनावर एकात्मिक अध्यापन पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. इयत्ता बदलते, तालुका बदलतो, बाकी सगळं तेच. पेट पास झालेल्या आणि कोर्सवर्क सुरू असलेल्या तुमच्यापैकी दोघा-चौघांच्या वहीत आत्ताही असंच काहीतरी लिहिलेलं असेल.

शीर्षक वाईट नाही. अडचण 'एकात्मिक' या शब्दाची आहे. मी विज्ञान शाखेतून इकडे आलोय. प्रयोगशाळेत 'मिश्रण घातलं आणि परिणाम पाहिला' असं लिहिलं तर वही परत येते. मिश्रणात काय होतं, किती होतं, कोणत्या क्रमाने घातलं, हे आधी लिहावं लागतं. शिक्षणातल्या प्रयोगात मात्र 'एकात्मिक पद्धतीने शिकवले' एवढ्या एका वाक्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं. त्या वर्गात नेमकं काय घडलं, हे प्रबंध वाचून शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून आज आपण एकात्मिक अभ्यासक्रमाची बाजू घ्यायची नाही आणि त्याला झोडपायचंही नाही. एक योजना हातात घेऊन ती तपासायची कशी, ते बघायचं. त्यासाठी मी एक जुना पण आपल्या मातीतला दस्तऐवज निवडलाय : 1937 सालचा वर्धा योजनेचा अहवाल. त्याआधी शब्द थोडा साफ करून घेऊ.

पावसाचे दोन आठवडे

समजा तिसरी-चौथीच्या वर्गासाठी जुलै महिन्याचं घटक नियोजन करायचं आहे. विषय 'पाऊस'.

पहिली योजना अशी. भाषेच्या तासिकेला पावसाचं गाणं. गणितात छत्र्यांची बेरीज : चार लाल आणि तीन निळ्या, मिळून किती? परिसर अभ्यासात बेडकाची माहिती. कलेला कागदाची होडी. टाचण भरलेलं दिसतं, मुलंही खूश असतात, केंद्रप्रमुख आले तर भिंतीवर लावायला भरपूर साहित्य असतं.

दुसरी योजना एका प्रश्नापासून सुरू होते. आपल्या शाळेच्या पत्र्यावर आज किती पाणी पडलं? यासाठी पत्र्याची लांबी-रुंदी मोजावी लागते, म्हणजे क्षेत्रफळ आलं. सरळ भिंतींचं, सपाट बुडाचं एखादं भांडं उघड्यावर ठेवून त्यातल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पत्रा पन्नास चौरस मीटरचा असेल आणि दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर पाचशे लिटर. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : हे पाणी गेलं कुठे? एप्रिलमध्ये हापशाला पाणी नसतं तेव्हा हंडा कोण आणतं, किती लांबून? रोजची नोंद लिहायची म्हणजे नेमक्या शब्दांत चार ओळी लिहायच्या, हे भाषेचं काम.

दोन्ही योजनांवर 'एकात्मिक' असंच लेबल लागतं. आता एक साधी चाचणी करा. पहिल्या योजनेतला पाऊस काढून तिथे 'दिवाळी' घाला. छत्र्यांच्या जागी पणत्या येतील, बेरीज तीच राहील. म्हणजे गणिताला पावसाची गरज नव्हती आणि पाऊस समजायला गणिताची. दुसऱ्या योजनेतून मोजमाप काढलं तर प्रश्नच संपतो.

बेसिल बर्न्स्टाइन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1971 मध्ये ज्ञानाच्या वर्गीकरणावर जो निबंध लिहिला, त्यातला मुद्दा हाच आहे. त्याच्या मते एकात्मिक अभ्यासक्रम म्हणजे विषयांच्या भिंती पाडणं एवढंच नाही. आधी स्वतंत्र असलेले विषय एका जोडणाऱ्या कल्पनेच्या अधीन यायला हवेत, ती कल्पना स्पष्ट सांगितलेली हवी आणि मूल्यमापन कशाचं करायचं हेही ठरलेलं हवं. तसं नसेल तर शिक्षक आणि मूल दोघंही चाचपडत राहतात. पहिल्या योजनेत विषयांना एक नाव मिळालं, जोडणारी कल्पना मिळाली नाही.

वर्ध्याचं सूत

आता मूळ दस्तऐवजाकडे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शाह अशी मंडळी त्यात होती. समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. सात वर्षांचं, मातृभाषेतून, एका हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण, अशी ती योजना. या गुंफणीला नई तालीमच्या परंपरेत 'समवाय' म्हणतात. तुमच्या प्रबंधात परक्या संज्ञांची गर्दी करण्याआधी हा आपल्याकडचा शब्द वापरून बघा, त्यामागे खरा अनुभव आहे.

या अहवालाची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तो 'विषय जोडा' असं म्हणून थांबत नाही, कुठे आणि कसे जोडा याचा तपशील देतो. कताईचंच घ्या. खादीच्या व्यवहारात चार फुटांचा एक तार आणि 640 तारांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत 2560 फूट, साधारण 853 यार्ड सूत. सुताचा 'अंक' काढायचा तर ठरावीक वजनात किती लांबीचं सूत बसतं ते बघायचं. गिरण्यांच्या पद्धतीत एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लड्या, तितका अंक. वीस अंकाचं सूत दहा अंकाच्या सुतापेक्षा बारीक असतं, कारण तेवढ्याच वजनात दुप्पट लांबी मिळते.

इथे जरा थांबा. लांबी आणि वजन यांचं गुणोत्तर इथे उदाहरण म्हणून आणलेलं नाही. ते कळल्याशिवाय कातणाऱ्याला स्वतःचं सूत जोखताच येत नाही. मूल आज बारा अंकाचं काततंय की सोळा, हे त्याला हिशेब करूनच कळणार. हवा कोरडी असली की सूत जास्त तुटतं, याचं कारण शोधलं की विज्ञान सुरू होतं. कापूस कुठून आला, सरकी कोणी काढली, कापड कोण विकतं, इथून समाजशास्त्र. पावसाच्या दुसऱ्या योजनेसारखंच, विषय इथे कामाला लागलेले आहेत.

अहवालकर्त्यांना एक गोष्ट आधीच दिसली होती, हेही नोंदवायला हवं. सगळं काही टकळीला बांधता येणार नाही. म्हणून त्यांनी समवायाची केंद्रं तीन धरली : हस्तोद्योग, निसर्ग आणि समाज. पुढे केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनेही स्पष्ट केलं की जे हस्तोद्योगाशी जोडता येत नाही ते स्वतंत्रपणे शिकवावं. म्हणजे 'सगळं एकात्मिक करा' हा हट्ट मूळ मांडणीत नव्हता, तो नंतरच्या उत्साहातून आला.

मग अडलं कुठे?

अहवालातलं वेळापत्रक उघडा. रोजची शाळा साडेपाच तासांची. हस्तोद्योगाला 3 तास 20 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित, तिघांना मिळून 40 मिनिटं. मातृभाषेला 40. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून 30. शारीरिक शिक्षण 10, मधली सुट्टी 10. बेरीज करा : 330 मिनिटं, त्यातली 200 हस्तोद्योगाची, म्हणजे साठ टक्क्यांहून थोडी जास्त. वर्षाला शाळेचे 288 दिवस धरलेत. म्हणजे एका मुलाचे वर्षाकाठी 960 तास हस्तोद्योगात.

'पण गणित त्या 960 तासांत येतंच ना?' असं तुम्ही म्हणाल. येऊ शकतं. पण कधी येतं? शिक्षक काम थांबवून हिशेब मांडतो तेव्हा. काम चालू असताना येतो तो सराव. गुंडी मोजायला मूल पहिल्या महिन्यात शिकतं, आणि एकदा शिकल्यावर पुढचे शेकडो तास तीच मोजणी. सूत वाढत जातं, गणित तिथेच राहतं. मला या योजनेतली कच्ची जागा ही वाटते. हस्तोद्योगाला स्वतःची चढण आहे : टकळीवरून चरख्यावर, चरख्यावरून मागावर. गणितालाही स्वतःची चढण आहे : मोजणीवरून गुणाकारावर, तिथून अपूर्णांकावर, तिथून गुणोत्तरावर. या दोन चढणी एकाच वेगाने जात नाहीत. मुलाला अपूर्णांक हवा असतो तेव्हा हातातलं काम अपूर्णांक मागेलच असं नाही, आणि काम गुणोत्तर मागतं तेव्हा मुलाचा भागाकार पक्का झालेला असेलच असंही नाही. अहवाल या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. त्यांचा मेळ बसवण्याचं काम मात्र शिक्षकावर येऊन पडतं.

दुसरी गोष्ट मोजमापाची. मुलांच्या उत्पादनातून निदान शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. आर्थिक बाजू शैक्षणिक हेतूवर कुरघोडी करील, हा धोका समितीने स्वतःच अहवालात नोंदवला आहे. आता त्या शाळेतल्या शिक्षकाच्या जागी उभे राहा. संध्याकाळी सूत तोलून बघता येतं. मुलाला गुणोत्तर कळलं का, हे तराजूत घालता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तासिकेत असतील तर वेळ कोणीकडे सरकेल? ज्या वर्गात विषयांच्या सीमा पुसलेल्या असतात तिथे एक विषय दुसऱ्याचा वेळ खातोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण टाचणात दोघांची नावं एकाच रकान्यात असतात. स्वतंत्र तासिकांच्या वेळापत्रकाला आपण कितीही नावं ठेवली, तरी आज विज्ञान झालं नाही हे निदान त्यात दिसतं.

आजच्या पुस्तकांत

ही जुनी गोष्ट झाली असं वाटत असेल तर आजची पुस्तकं बघू.

एनसीईआरटीने 2005 च्या आराखड्यानंतर तिसरी ते पाचवीसाठी पर्यावरण अभ्यासाचा जो अभ्यासक्रम केला, त्यात सहा सूत्रं होती : कुटुंब आणि मित्र, अन्न, पाणी, निवारा, प्रवास, आणि आपण करतो-बनवतो त्या गोष्टी. अभ्यासक्रमाची मांडणी प्रश्नांमधून होती. 'पाणी' या सूत्रात पाण्याचे गुणधर्म आणि पाण्याच्या वाटपातला भेदभाव एकत्र येत. वर्ध्याच्या मानाने इथली जोड मोकळी आहे, पण ती प्रश्नातून आलेली आहे. यातही एक उणीव राहते. गणित पूर्णपणे बाहेर, स्वतंत्र पुस्तकात. म्हणजे आपण जोडले ते विज्ञान आणि समाजशास्त्र. ज्या विषयाची चढण सगळ्यात कडक, त्याला हात लावला नाही. हा शहाणपणा म्हणायचा की टाळाटाळ? माझ्या मते बराचसा शहाणपणा. पण हा प्रश्न कुणीतरी नीट अभ्यासायला हवा.

आपल्या बालभारतीचं बघा. विषयाचं नाव 'परिसर अभ्यास'. तिसरीला एक पुस्तक. चौथी-पाचवीला मात्र भाग एक आणि भाग दोन. चौथीच्या भाग दोनमध्ये शिवचरित्र, पाचवीच्या भाग दोनमध्ये इतिहास. म्हणजे नाव एक, पण इतिहासाने आपलं घर वेगळं ठेवलंय. याची कारणं अध्यापनशास्त्रात कमी आणि महाराष्ट्राच्या समाजजीवनात जास्त सापडतील. शिवचरित्राला सलग गोष्ट म्हणून जे स्थान आहे, ते 'आपला परिसर' या सूत्रात विरघळवायला इथे कोण तयार होईल? कोणते विषय जोडायचे यात त्या विषयांची समाजातली पत येते, हे इथे उघड दिसतं.

आणि तिसरं उदाहरण 2023-24 चं. दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं चार भागांत आली. एका भागात त्या काळात शिकवायचे वेगवेगळे विषय एकत्र, आणि मध्ये नोंदींसाठी कोरी पानं. हेतू दप्तराचं ओझं कमी करण्याचा होता, आणि तो हेतू रास्त होता. बोलताना या पुस्तकांनाही सर्रास 'एकात्मिक' म्हटलं गेलं. पण मराठीचा पाठ संपून पुढच्या पानावर गणित सुरू झालं, याने ते विषय जोडले जात नाहीत. ही बाइंडिंगची सोय झाली. 2025 च्या सुरुवातीला हा निर्णय मागे घेतला गेला. समजा यावर कुणी 'एकात्मिक पाठ्यपुस्तकाची परिणामकारकता' असा प्रबंध केला, तर तो नक्की कशाची परिणामकारकता मोजेल? दप्तराच्या वजनाची?

यात निपुण भारत अभियान मिळवा. 2021 पासून तिसरीपर्यंतच्या मुलांचं वाचन आणि संख्याज्ञान हे उद्दिष्ट ठरलं, त्याच्या चाचण्या होतात. उद्दिष्ट योग्यच आहे. पण भाषा-गणित मोजलं जातं आणि परिसर मोजला जात नाही, अशा स्थितीत दोन्ही एकाच योजनेत घातले की परिसर उरतो तो वाचनाच्या उताऱ्यापुरता. वर्ध्यात सूत जिंकलं असतं, इथे वाचनाचा वेग जिंकेल. तराजू बदलला, गणित तेच.

द्विशिक्षकी शाळेत याची झळ जास्त बसते. दोन शिक्षक, चार किंवा पाच वर्ग. तिथे विषय आणि इयत्ता दोन्ही रोज एकत्रच असतात, कुणी सांगो न सांगो. अशा शिक्षकाला 'एकात्मिक करा' असं वरून सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला 'ओला हो' म्हणण्यासारखं. त्याला हवं असतं ते वेगळंच : कोणत्या विषयाचा कोणता धागा तुटू द्यायचा नाही, याची छोटी आणि स्पष्ट यादी. ती यादी नसली तर नुकसान होतं ते मुलाचं. ते पाचवीतून बाहेर पडतं, गाणी येतात, प्रकल्पाची वही सुंदर असते, आणि अर्धा मोठा की एक तृतीयांश, इथे ते अडतं.

आता तुमच्या आराखड्याकडे

1991 मध्ये जेर ब्रॉफी आणि जॅनेट ऑलमन या दोघांनी एक छोटासा लेख लिहिला. सूर असा, की विषय जोडणं ही दरवेळी चांगली कल्पना असतेच असं नाही. त्यांची कसोटी सोपी आहे : जोड नसती तरी ही कृती त्या विषयात करण्यासारखी होती का? छत्र्यांची बेरीज इथेच गळते. पत्र्यावरचं पाणी टिकतं. ही कसोटी मी वर केलेल्या चिकित्सेत मिसळून तीन प्रश्न करतो. कोणत्याही एकात्मिक योजनेला ते विचारा.

एक : जोड कशाने आहे, नावाने की प्रश्नाने? सूत्राचं नाव बदलून बघा. काहीच बिघडलं नाही तर जोड नाही.

दोन : प्रत्येक विषयाची चढण शाबूत आहे का? योजनेतून फक्त गणिताचे तुकडे वेगळे काढून क्रमाने लावा. मग विज्ञानाचे. मध्ये पायऱ्या गायब असतील तर त्या स्वतंत्र तासिकेत भरून काढल्यात का?

तीन : मोजलं काय जातं? चाचणीत ज्या विषयाला जागा नाही, त्याचा वेळ वर्गात किती टिकतो?

यातला तिसरा प्रश्न हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. त्याला प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट लागत नाहीत. नेहमीच्या अभ्यासात काय होतं, तुम्हाला माहीत आहे. दोन तुकड्या घ्यायच्या, एकीला पंधरा दिवस संशोधक स्वतः उत्साहाने शिकवणार, दुसरीला नेहमीप्रमाणे. चाचणी संशोधकानेच बनवलेली. शेवटी टी-मूल्य सार्थ. यात नव्या माणसाचा, नव्या साहित्याचा, जास्त लक्ष दिल्याचा परिणाम किती आणि विषय जोडल्याचा किती, हे वेगळं काढायला वावच नसतो. असा निष्कर्ष कुणाच्याच कामाचा नाही, त्या शाळेच्या तर नाहीच.

त्यापेक्षा दोन-तीन शाळा निवडा. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि टाचण मिळवा, रीतसर परवानगी घेऊन. मग एक महिना वर्गात बसून मिनिटांचा हिशेब ठेवा : टाचणात 'परिसर + भाषा' लिहिलेल्या तासिकेत परिसराला किती मिनिटं गेली, भाषेला किती, फळा पुसण्यात किती. मुलांच्या वह्या बघा. एका मुलाच्या वहीत जुलै ते डिसेंबर गणिताचा धागा सलग दिसतो का ते तपासा. संख्या लहान असेल, पण ती कशाची आहे हे तुम्हाला ठामपणे सांगता येईल. व्हायव्हात 'एकात्मिक म्हणजे तुमच्या मते काय?' असं परीक्षकांनी विचारलं, तर व्याख्या पाठ म्हणून दाखवावी लागणार नाही. तुम्ही त्या तासिकांमध्ये बसलेले असाल.

आराखडा समितीपुढे जाण्याआधी एवढं करून बघा. ओळखीच्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाकडून एका आठवड्याचं टाचण मागून घ्या आणि वरचे तीन प्रश्न त्याला लावा. तासाभराचं काम आहे. त्यानंतर शीर्षक तेच ठेवावंसं वाटलं तर जरूर ठेवा. फक्त 'एकात्मिक' हा शब्द लिहिताना त्याच्या खाली दोन ओळी मोकळ्या सोडा, कशाने जोडलंय ते लिहायला.